बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात. कोठेही स्थिर न राहणाऱ्या माणसास उद्देशून ही म्हण वापरली जाते. पण घर बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे विंचवाचा थोडासा हेवाच वाटू लागतो. त्याला वाण्याची उधारी चुकवावी लागत नाही, शेजारणीकडे राहिलेला डबा आठवत नाही, की शाळेच्या दाखल्यासाठी अर्ज लिहावा लागत नाही. माणसाचे बिऱ्हाड पाठीवर मावणारे नव्हे. ते चार भिंतींच्या आत जेवढे असते तेवढेच भिंतींच्या बाहेर, गल्लीत, शाळेत, बाजारात आणि देवळाच्या पारावर पसरलेले असते. म्हणूनच ते हलविण्याचे काम दिसते त्याहून अवघड आहे, आणि त्याची तयारी ज्या रीतीने आपल्या घरोघरी होते तीत काही सुधारणा होणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

या विषयावर लिहावयास निमित्त झाले ते आमच्या वर्गातील एका रिकाम्या जागेचे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मुलींच्या तिसऱ्या बाकावर बसणारी आमची एक मैत्रीण आली नाही. तिच्या वडिलांची बदली झाली, एवढेच कोणीतरी सांगितले. दिवाळीच्या सुमारास तिचे पत्र आले. घर सोडावयाचे आहे ही गोष्ट आईवडिलांना महिनाभर आधीच ठाऊक होती; तिला मात्र दारात ट्रक उभा राहण्याच्या आदल्या रात्री ती कळली. आधी सांगितले तर पोर रडत बसेल, असा त्यांचा विचार होता. शाळेच्या ग्रंथालयाचे एक पुस्तक सामानात बांधले गेले होते, ते तिने पत्राबरोबर पाठवून दिले. पुस्तक परत आले; निरोप घ्यावयाचा राहिला तो मात्र राहिलाच.

ते पत्र वर्गात वाचले गेले. त्यावर चर्चा सुरू झाली तेव्हा असे दिसून आले की, आमच्यापैकी सात-आठ जणांनी एकदा तरी याच रीतीने घर सोडले आहे किंवा या गावी आणले गेले आहे. त्या चर्चेतून आमचे जे मत बनले ते येथे मांडीत आहोत. थोडक्यात सांगावयाचे तर ते असे : बिऱ्हाड हलविण्याच्या तयारीत घरातील मुलांना पहिल्या दिवसापासून सामील करून घेतले पाहिजे, कारण त्या तयारीचा जो भाग सर्वांत अधिक वेळ घेतो आणि जो मागाहून दुरुस्त करता येत नाही, तो बहुतेक करून मुलांशीच निगडित असतो.

आमचे सौंसर हे सीमेवरचे गाव आहे. येथे बिऱ्हाडे सतत येत आणि जात असतात. सरकारी नोकर बदलीने येतात आणि बदलीनेच जातात. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कामाला दूरदूरची कुटुंबे येऊन राहतात. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी संत्र्याची बाग वाट्याने देऊन नागपुरास खोली घेणारी घरेही थोडी नाहीत. पूर्वी अशी बिऱ्हाडे बंडीतून स्टेशनावर येत आणि छोट्या लाईनीच्या गाडीने नागपूरकडे किंवा छिंदवाड्याकडे जात. ती छोटी लाईन २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली. साधने बदलली, परंतु एक गोष्ट कायम राहिली. आमच्या गावाहून दक्षिणेकडे काही कोस गेले की राज्य बदलते. त्यामुळे इतर गावच्या लोकांना जे केवळ घर बदलणे वाटते, ते आमच्या बाबतीत पुष्कळदा शाळेचे मंडळ, कार्यालयाची भाषा आणि सरकार बदलणे असते.

याच भूमीने याच्या उलट प्रकारही पाहिला आहे. १९५६ पूर्वीच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर ही होती. राज्य पुनर्रचना अधिनियम अमलात येऊन १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर व पांढुर्णा नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळास गेली, उच्च न्यायालय जबलपुरास गेले. आमच्या आजोबा-पणजोबांची घरे होती तेथेच राहिली. हलली ती राजधानी. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा सौंसरकरांचे जिल्ह्याचे ठिकाणही छिंदवाड्याहून पांढुर्ण्यास आले.

१९५६ च्या त्या स्थलांतराकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो, कारण ते एका अर्थाने फार मोठे बिऱ्हाड हलविणेच होते. कागदपत्रे, कपाटे आणि खुर्च्या यांच्याबरोबर माणसेही हलवावयाची होती. नागपुरात वर्षानुवर्षे राहिलेल्या कित्येक मराठी कुटुंबांना भोपाळ-जबलपूरची वाट धरावी लागली. भोपाळात नोकरवर्गाच्या निवासासाठी तात्या टोपे नगरासारख्या नव्या वसाहती उभाराव्या लागल्या. कोणी कोणत्या राज्यात जावे हा प्रश्न तर साध्या घरगुती भांडणाहून कितीतरी बिकट होता. परंतु त्या अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये एक गोष्ट नमूद केलेली आहे. नोकरांची विभागणी होताना त्यांना न्याय्य वागणूक मिळावी आणि त्यांनी केलेल्या अर्जविनंत्यांचा योग्य विचार व्हावा, यासाठी केंद्र सरकारला सल्लागार समित्या नेमता येतील, अशी ती तरतूद आहे.

प्रत्येक अर्ज मान्य झाला असेल, असे आम्ही म्हणत नाही. नागपुरासच राहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तेथे राहता येणे शक्यच नव्हते. तथापि ज्याचे घर हलणार आहे त्याला आपले म्हणणे मांडण्याची जागा असली पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले होते. राज्यासारख्या अवाढव्य संसाराला जे तत्त्व पाळावेसे वाटले, ते चार-पाच माणसांच्या संसाराला जड का व्हावे? मुलांनी नको म्हटले म्हणून वडिलांची बदली रद्द होणार नाही, हे आम्हांस कळते. मात्र आपले ऐकून घेतले गेले, ही जाणीव मुलाच्या मनात असली म्हणजे तेच मूल ट्रकच्या मागच्या बाजूस रुसून बसण्याऐवजी दोऱ्या बांधू लागते.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. आपल्या घरी बदलीची वार्ता आली की पहिला विचार सामानाचा होतो. खोकी कोठून आणावयाची, पलंग खोलावा की तसाच न्यावा, कोपर आणि गुंड कशात बांधावे, लोणच्याची बरणी सांडणार तर नाही ना, या चिंतेत घर बुडून जाते. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. भांडी चार दिवसांत बांधून होतात. कागद मात्र चार दिवसांत होत नाहीत.

कागदांचीच गोष्ट घ्या. मध्य प्रदेशात कार्यालयीन कागद हिंदीत तयार होतात आणि हिंदीच्या रोजच्या लेखनात आपला ‘ळ’ नाही. त्यामुळे घरी ‘काळे’ असलेला मुलगा दाखल्यावर ‘काले’ होतो. येथे असताना त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु तोच मुलगा सीमा ओलांडून महाराष्ट्रातील शाळेत गेला, की जन्माच्या दाखल्यावरचे एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, असा प्रकार उघडकीस येतो. शिवाय महाराष्ट्रात मुलाचे, वडिलांचे आणि घराण्याचे अशी तिन्ही नावे एकत्र लिहिण्याची पद्धत आहे. इकडे वडिलांचे नाव बहुधा निराळ्या रकान्यात असते. ही चूक कोणा एकाची नव्हे, दोन पद्धतींमधील फरक आहे. पण तो फरक निस्तरावा लागतो मुलालाच. म्हणून घर सोडण्याच्या निदान दोन महिने आधी घरातील प्रत्येकाचे सर्व कागद एका ठिकाणी मांडून नावे, जन्मतारखा आणि अक्षरे ताडून पाहावीत. हे काम आठवी-नववीतील मूल उत्तम रीतीने करू शकते. आपल्या नावातील चूक स्वतःइतकी बारकाईने दुसरा कोण पाहणार?

शाळा बदलण्यासंबंधी एक गोष्ट पालकांना पुष्कळदा माहीत नसते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा जो अधिनियम २००९ साली झाला, त्याच्या कलम ५ नुसार शाळा बदलण्याच्या दाखल्याची मागणी आली की मुख्याध्यापकांनी तो तत्काळ द्यावयाचा असतो. आणि दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. हे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणास आहे. पुढच्या वर्गांची गोष्ट वेगळी. नववीत एका मंडळाकडे नाव नोंदवून दहावीला दुसऱ्या मंडळाची परीक्षा देणे कटकटीचे असते. दोन्ही राज्यांची शालेय सत्रेही एकाच वेळी सुरू होत नाहीत. ज्या घरात नववी ते बारावीचे मूल आहे, त्या घराने ट्रकवाल्याशी भाव ठरविण्यापूर्वी नव्या गावच्या शाळेत जाऊन चौकशी केली पाहिजे. व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात दहावी-बारावी कोणत्या राज्यातून झाली, हाही प्रश्न पुढे उभा राहतो. जातीचे दाखलेही एका राज्याचे दुसऱ्या राज्यात जसेच्या तसे चालत नाहीत, कारण प्रत्येक राज्याची यादी स्वतंत्र आहे. हे सारे आधी कळले तर कधी कधी असाही निर्णय घेता येतो की, वडिलांनी पुढे जावे आणि आई व मुलांनी परीक्षा होईपर्यंत येथेच थांबावे.

कागदांनंतर देणेघेणे. वाण्याचे खाते, दूधवाल्याचा हिशेब, घरमालकाची अनामत आणि विजेचे शेवटचे बिल ही चुकती करावयाची असतात. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर जमा करून पावती घ्यावी लागते. रेशनकार्ड, बँक, आधार आणि मतदारयादी यांतील पत्ते बदलावे लागतात. याखेरीज एक असे देणे असते की ज्याची कोठेच नोंद नसते. शेजारच्या काकूंची चाळणी, मित्राचा कंपास, ग्रंथालयाचे पुस्तक, कोणाकडून बीसाठी आणलेला भोपळा! ही यादी घरातील मोठ्या माणसांना करता येत नाही; ती मुलांनाच ठाऊक असते. आमच्या मैत्रिणीला आठ दिवस आधी सांगितले असते, तर ग्रंथालयाचे ते पुस्तक सामानात गेलेच नसते.

त्यानंतर काय न्यावे आणि काय ठेवून जावे, हा प्रश्न येतो. येथे घरोघरी फार रडारड होते आणि ती बहुधा मुलांच्या वस्तूंवरून होते. मोठी माणसे पंचवीस वर्षांत एकदाही न वापरलेला पितळेचा गंज जपून बांधतात आणि मुलाने जमविलेली रंगीत गारगोट्यांची पेटी कचरा म्हणून टाकून देतात. गंज नेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. त्यात आजीची आठवण असेल. परंतु आठवणी मुलांनाही असतात. आमची सूचना अशी की, घरातील प्रत्येक मुलाला एक खोके द्यावे, त्यात काय भरावयाचे हे त्याने ठरवावे आणि ते खोके कोणी तपासू नये. खोके भरले की उरलेल्या वस्तू त्याने स्वतःच्या हाताने कोणाला तरी देऊन टाकाव्यात. ज्या मुलाने आपली सायकल धाकट्या चुलतभावाला स्वतः दिली त्याला ती गेल्याचे दुःख कमी होते. ज्याची सायकल त्याच्या नकळत भंगारात गेली तो ती गोष्ट वर्षानुवर्षे विसरत नाही.

बांधाबांधीतही मुलांना कामे नेमून द्यावीत. एका वहीत खोक्यांचे क्रमांक लिहावे, प्रत्येकात काय आहे आणि ते नव्या घरी कोणत्या खोलीत उतरवावयाचे आहे हे समोर नोंदवावे. काच आणि चिनी मातीची भांडी गोधड्यांत गुंडाळली म्हणजे फुटत नाहीत आणि गोधड्यांना वेगळी जागाही लागत नाही. एक खोके पहिल्या रात्रीचे असावे. त्यात विजेरी, काडेपेटी, चहा-साखर, तवा, औषधे, प्रत्येकाचा एक कपडा आणि मुलांची दप्तरे असावीत, आणि ते ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवावे, म्हणजे सर्वांत आधी उतरते. वही सांभाळण्याचे काम ज्या मुलाकडे असते, त्याला नव्या घराच्या उंबरठ्यावर आपण परके आहोत असे वाटत नाही. कोणते खोके कोठे जाईल हे सगळे त्यालाच विचारीत असतात.

येथवर आम्ही ज्यांच्या दारात ट्रक येतो अशा घरांविषयी बोललो. ज्यांचे बिऱ्हाड खरोखरच पाठीवर असते त्यांना विसरणे योग्य होणार नाही. आमच्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातून कित्येक मजूर कुटुंबे हंगामात विदर्भाकडे शेतीच्या कामाला जातात. दोन बोचकी, एक गंज, एक चटई आणि काखेत लेकरू, एवढाच त्यांचा पसारा असतो. त्यांच्या मुलांना कोणी दाखला मागत नाही, कारण ती दुसऱ्या शाळेत जातच नाहीत. पटावर नाव असते आणि बाकावर मूल नसते. शाळा मध्येच बदलण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो या मुलांना सर्वांत अधिक उपयोगी आहे, आणि त्यांच्याच घरी तो सर्वांत कमी ठाऊक आहे. एका हंगामासाठी का होईना, जेथे आईबाप कामाला गेले तेथील शाळेत नाव घालता येते, एवढी माहिती जरी वर्गशिक्षकांनी निघण्यापूर्वी अशा पालकांना दिली, तरी पुष्कळ काम होईल.

हलणारांचे म्हणणे ऐकून घेतले नाही म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रात घडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली, आणि पुढे ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. एवढ्या मोठ्या संकटानंतर इतकी घरे उभी राहिली ही गोष्ट लहान नव्हे. तरीही ज्या नव्या वसाहती सरळ रेषांत, रुंद रस्त्यांवर आखल्या गेल्या, तेथे जुन्या गल्लीतला शेजार विखुरला, अशी खंत तेथील लोकांनी पुढे बोलून दाखविली. जेथे गाव हलले नाही, तेथे घरमालकांनी सरकारी साहाय्य घेऊन आपापली घरे स्वतःच्या देखरेखीखाली दुरुस्त केली. त्यांना घरही मिळाले आणि शेजारही टिकला. भूकंपाची आणि बदलीची बरोबरी करणे योग्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु भिंती नव्या मिळाल्या तरी शेजार आपोआप मिळत नाही, तो विचारपूर्वक बरोबर न्यावा लागतो किंवा नव्याने जमवावा लागतो, हा धडा लहान घरालाही लागू आहे.

आमच्या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातील. मुलांना आधी सांगितले तर ती रडतात, हा पहिला. ते खरे आहे. परंतु जी मुले आधी सांगितल्याने रडतात, ती आयत्या वेळी सांगितल्यानेही रडतातच. फरक इतकाच की, आधी रडलेल्यांना समजावणारी आजी, मैत्रीण आणि शिक्षक जवळ असतात, आणि नंतर रडणाऱ्यांच्या भोवती अनोळखी भिंती असतात. दुसरा आक्षेप असा की, मुलांच्या तोंडात गोष्ट राहत नाही. बदली रद्द करून घेण्याची खटपट चालू असता ती गावभर झाली तर पंचाईत होते. यावर उपाय म्हणजे मुलांवर विश्वास टाकणे. घरातील गुपित आपल्याला सांगितले गेले, हा मान मुले सांभाळतात, असा आमचा अनुभव आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बदलीचा हुकूम कधी कधी असा येतो की, मोठ्या माणसांनाच आठ दिवस मिळत नाहीत. अशा वेळी वर सांगितलेले सर्व काही होणे शक्य नाही, हे आम्ही मान्य करतो. पण आठ दिवस असले तर मुलांनाही आठ दिवस मिळावेत, एवढेच आमचे मागणे आहे.

भाषेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. जबलपूर-भोपाळकडे जाणाऱ्या आमच्या मित्रांना तेथे मराठी माध्यमाची शाळा मिळेलच असे नाही. आम्ही सौंसरकर दोन्ही भाषांच्या संगतीत वाढलो, म्हणून आम्हांला ते तितके जड जात नाही. महाराष्ट्रातून नवे आलेले मूल मात्र ‘माध्यमिक शिक्षा मंडल’ ही पाटी वाचून दचकते, कारण मराठीत शिक्षा म्हणजे दंड! चार दिवसांनी तेच मूल या गोष्टीवर हसते. दोन भाषा येणे हे धन आहे. मात्र नवी भाषा आली म्हणून घरची भाषा टाकावी लागत नाही. ज्या घराला मराठी मुलुखाबाहेर जावयाचे आहे, त्याने सामानाच्या यादीत दहा-पाच मराठी पुस्तके अवश्य लिहावीत, आणि मुलांकडून येथील मित्रांना महिन्याकाठी एक पत्र हाताने लिहवून घ्यावे. दूरध्वनीवर बोलणे होते, पण त्याने लिहिण्याची सवय टिकत नाही. लिहिण्याची सवय गेली म्हणजे दाखल्यातून गेलेला ‘ळ’ पुढे जिभेवरूनही जातो.

शेवटी आमच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. सारी जबाबदारी पालकांवर टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. जो जातो त्याला निरोप देणे आणि जो येतो त्याला जागा देणे, ही वर्गाची कामे आहेत. यंदापासून आमच्या वर्गाने दोन गोष्टी ठरविल्या आहेत. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सर्वांच्या सह्या आणि पत्ते असलेली एक वही द्यावयाची. आणि नव्याने येणाऱ्याच्या शेजारी पहिला आठवडा आमच्यापैकी कोणीतरी पाळीपाळीने बसावयाचे, त्याला पाण्याची जागा, ग्रंथालयाची वेळ आणि घराकडचा जवळचा रस्ता दाखवावयाचा. या कामांना पैसा लागत नाही.

आमच्या मैत्रिणीला तशी वही टपालाने पाठविली आहे. तिसऱ्या बाकावर आता दुसरी एक मुलगी बसते. तीही बदलीनेच आली आहे. आपल्याला येथे यावयाचे आहे हे किती दिवस आधी कळले होते, असे आम्ही तिला विचारले. ‘तीन दिवस,’ ती म्हणाली. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी यंदाच्या उन्हाळ्यात बिऱ्हाड हलणार असेल, त्यांनी हा अंक मिटविल्यावर घरातील मुलांना जवळ बोलवावे आणि ही गोष्ट आजच सांगावी, एवढी आमची विनंती आहे.